कार्डातलं गाव

पांढरकवड्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मला त्याचा माज आहे. दुसऱ्यांनी ज्यापुढे हात टेकले असा सेट मी चालू करतो, वर गिऱ्हाईकाची अक्कलही काढतो. लोक ऐकून घेतात, कारण त्यांना सेट हवा असतो.

माझे भाऊजी हैदराबाद लाइनवर ट्रक चालवायचे. तिकडच्या जुन्या बाजारातून त्यांनी ताईसाठी हातात धरून खेळायचं गेमचं मशीन आणलं होतं. त्यातल्या खेळात दोघांचं मिळून एक गाव होतं. तिथं झाडं लावायची, मासे धरायचे, एकमेकांच्या दारातल्या पेटीत चिठ्ठ्या टाकायच्या. दोघंही तापट. भांडण झालं की अबोला. मग भाऊजी मशीन गाडीवर नेत, त्यात चिठ्ठी लिहीत आणि घरी आले की गुपचूप फ्रिजवर ठेवून देत. ताईनं ती वाचली की अबोला संपायचा. मी या प्रकाराला खूप हसायचो.

शेवटच्या भांडणानंतरही मशीन फ्रिजवर आलं. ताईनं हट्टानं त्याला हात लावला नाही. भाऊजी पुन्हा गाडी घेऊन गेले आणि हिंगणघाटच्या अलीकडे गाडी उलटली.

तेरवीला ताईच्या सासूनं सांगितलं, ज्यात त्याचा जीव होता ते घरात ठेवायचं नाही. कपडे, कांबळं, जेवणाचा डबा आणि ते मशीनसुद्धा त्यांच्या सोबतच्या ड्रायव्हरला द्यायचं ठरलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, खुशाल दे, सगळं मेमरी कार्डात असतं. मग दुकानात रोज करतो तेच केलं. कार्ड काढून ताईच्या हातात ठेवलं, मशीन रिसेट मारून कोरं केलं, फडक्यानं पुसलं आणि ड्रायव्हरला दिलं. चार पाहुण्यांसमोर आपलं ज्ञान दाखवता आलं म्हणून बरंही वाटलं.

महिन्याभरानं भरदुपारी ती दुकानात आली. कार्ड कापसात गुंडाळून आणलं होतं.

"त्याइनं चिठ्ठी ठेवली असन," ती म्हणाली. "तेवढी दाखव मले."

तासाभराचं काम आहे, असं सांगून मी तिला स्टुलावर बसवलं. लॅपटॉपला त्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा इम्युलेटर टाकला. तो सांकेतिक कुलपाच्या किल्ल्या मागत होता. नेटवरून किल्ल्यांची फाइल शोधली, लांबलचक आकडे-अक्षरांच्या ओळी. ती सांगितलेल्या फोल्डरमध्ये, सांगितलेल्या नावानं ठेवली. नेटवरूनच उतरवलेला खेळ उघडला. कार्ड मात्र उघडेना.

मग वाचत बसलो, तेव्हा उमगलं. खेळाच्या किल्ल्या सगळ्या मशीनना सारख्याच. कार्डावरच्या कुलपाची किल्ली मात्र ज्या त्या मशीनच्या पोटात, प्रत्येकाची वेगळी. मशीन रिसेट मारलं की ती पुसली जाते आणि नवी बनते. ड्रायव्हरकडून मशीन परत आणलं असतं तरी उपयोग नव्हता. चिठ्ठी माझ्या हातात होती आणि तिची किल्ली तेरवीच्या दिवशी मीच पुसली होती.

काउंटरवर तीन गिऱ्हाईकं उभी होती. ताई मान वाकवून स्क्रीनकडे बघत होती. तिथं खेळानं नवं गाव उघडलं होतं. घर नाही, पेटी नाही, नुसतं गवत. तिनं विचारलं, आमचं गाव कुठं गेलं?

"पुसलं आहे," मी म्हणालो. "भाऊजींनीच पुसलं असन."

माझं चुकलं, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. तीन अनोळखी माणसांसमोर मला ते बोलवलं नाही.

ताई रडली नाही. तिनं कापूस उचलून मुठीत धरला.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "जातानी मी म्हटलं होतं त्याइले, पुन्हा तोंड दाखवू नोका मले."

ती गेल्यावर मी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं, पहिल्या गिऱ्हाईकाचा सेट उघडला आणि पाण्यात पाडला म्हणून त्याला झापलं.

वर्षश्राद्धाला सासूनं पानात भाऊजींच्या आवडीचं काय वाढायचं, असं विचारलं. ताई म्हणाली, मले काय माहीत त्याइच्या मनातलं. मी शेजारीच बसलो होतो. कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि त्यातली चिठ्ठी जशीच्या तशी आहे, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.