शुक्रवारी लाइट यायच्या आधी

माझं दुकान कोपरला होतं, स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. दुकान म्हणजे एकच शटर, त्याच्या अर्ध्या भागात मी आणि अर्ध्या भागात शिंपी. मी रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त करायचो. शाळा चौथीपर्यंत झालेली. पुढचं सगळं कल्याणला एका उस्तादाच्या टेबलाशी बसून शिकलो. हे मी खाली मान घालून सांगत नाही. डोंबिवलीतले डिग्रीवाले इंजिनिअर आपला बंद टीव्ही घेऊन माझ्याकडे यायचे आणि मी सांगेन त्याच दिवशी न्यायला यायचे. एक दिवस आधी आले तर मी त्यांना परत पाठवायचो.

नव्वद सालानंतर टीव्ही गेम नावाचं एक नवीन खूळ घराघरात शिरलं. पांढरा डबा, वायरीला बांधलेले दोन रिमोट, वरून पिवळी कॅसेट खोचायची. डब्याची वायर टीव्हीला अँटेनाच्या जागी लावायची, की पडद्यावर मारामारी सुरू. मी तोपर्यंत एकही उघडलेला नव्हता. पण तसं कुणाला सांगायची पद्धत माझ्याकडे नव्हती.

एक दिवस शाळेतल्या एक बाई असा डबा घेऊन आल्या. सोबत त्यांची धाकटी मुलगी, आठ-नऊ वर्षांची. बाईंचा मोठा टीव्ही मीच दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केलेला, त्यामुळे ओळख होती. गेम मुलीच्या मामाने मस्कतहून आणलेला.

"भाऊ, कॅसेट लावली की कधी नुसत्या रेघा येतात, कधी चौकोन. तुम्हाला जमेल का हे?"

"जमेल का म्हणजे? ठेवा. गुरुवारपर्यंत करून ठेवतो."

मुलगी पुढे आली. "काका, आणि तो चावतो."

"कुठे चावतो?"

"मागची पिन टीव्हीत लावताना. परवा इथपर्यंत मुंग्या आल्या." तिने कोपर दाखवलं.

"गेम चावत नसतो गं. बिस्किट खाऊन हात धुवत जा, मग नाही येणार मुंग्या."

शिंपी मशीनवरून हसला. बाईही हसल्या. मुलगी हसली नाही. तिने कोपर चोळलं आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

त्या दोघी गेल्यावर मी डबा उघडला. टीव्ही उघडला की मला माणसाचा चेहरा ओळखावा तसा एकेक भाग ओळखू येतो. इथे हिरव्या पट्टीवर मधोमध डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा, त्यावर ना नंबर ना नाव. तोच गेला असला तर मी काय करणार होतो? जमेल असं तोंडाने म्हणून बसलो होतो. दोन दिवस डबा तसाच उघडा ठेवला आणि कुणी आलं की त्यावर फडका टाकत होतो.

मग तिसऱ्या दिवशी काळ्या गोळ्याचा नाद सोडला आणि मला येतं तेवढंच बघायचं ठरवलं. कॅसेट जिथे बसते त्या खाचेतल्या पिना हिरव्या पडलेल्या. आमच्याकडे खाडीचा वारा लागतो, पितळेचं काही टिकत नाही. स्पिरिटने एकेक पिन पुसली, सुईने जरा जरा वर उचलली, कॅसेटच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. विजेचा दाब धरून ठेवणारा तीन पायांचा एक भाग असतो, त्याचा एक पाय सुटा वाटला, त्याला नवीन कथील दिलं. दुकानातल्या छोट्या टीव्हीला लावला. चित्र असं आलं की शिंपी टाका सोडून बघायला आला. चावण्याचं काय म्हणून टेस्टर लावून बघितला, पिनेवर काहीच नाही. बोट लावून बघितलं, काहीच नाही. म्हटलं, पोरीचा हात ओलाच असणार.

बाई गुरुवारी आल्या नाहीत, शुक्रवारी दुपारी आल्या. तेव्हा आमच्याकडे शुक्रवारी सकाळपासून लाइट जायची, ती पाचला यायची. कधी चारलाच यायची, कधी सहा वाजवायची. तो दिवस शिंप्याचा. "माझी मशीन पायावर चालते, तुझी सरकारवर," असं तो दर शुक्रवारी न चुकता ऐकवायचा. त्या दिवशीही ऐकवलं.

"भाऊ, चालवून दाखवा ना," बाई म्हणाल्या.

"लाइट कुठाय? कालच चालवून बघितलाय. चित्र बघा, तुम्हीच मला सांगायला याल."

"घाई अशी की उद्या पाहुणे येणार, म्हणून आज घर धुवून काढतेय. त्यात हिची भुणभुण. लाइट यायच्या आधीच टीव्हीची, बोर्डाची सगळी बटणं चालू करून बसते. लाइट आली की पहिला गेम." मग पिशवीत डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि तुमचा तो लाल ठिपका आता खाली जातो हं. नवीन बोर्ड घेतला, त्यात गेमचं ते जाड अडॅप्टर लावलं की टीव्हीचा प्लग उलटाच बसतो."

"असू दे, असू दे," मी म्हणालो. पुढ्यात दुसऱ्याचा टेप उघडून बसलो होतो, माझं लक्ष तिकडे.

त्या गेल्या. अंधारात काम होईना म्हणून मी टेप बाजूला सारला आणि उगाच विचार करत बसलो. खरं तर स्वतःवर खूश होऊन बसलो होतो. कधी न बघितलेला डबा चालवून दाखवला होता. मग मनात आलं, पोरगी एवढी कोपर चोळत होती, ती खोटं कशाला बोलेल? माझ्याकडे चावला नाही, तिच्याकडे चावतो. गेम तोच, वायर तीच, कॅसेट तीच. मग वेगळं काय? वेगळा फक्त टीव्ही.

आणि तो टीव्ही माझ्या हातचा होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. त्या काळातल्या काही मोठ्या टीव्हींत आतला लोखंडी सांगाडा थेट घरच्या लाइनला जोडलेला असायचा. प्लग दोन पिनांचा. एका बाजूने लावला तर सांगाड्यावर काही नाही, उलटा लावला तर सांगाड्यावर सगळी वीज. बाहेरून लाकडी पेटी असते म्हणून हात लागत नाही. मागे अँटेनाची जी जागा असते तिथे कंपनीने दोन बारीक भाग घातलेले असतात, ते चित्र आत सोडतात आणि वीज बाहेर येऊ देत नाहीत. खाडीच्या हवेने ते भाग गंजायचे आणि पडद्यावर तांदूळ सांडल्यासारखं दिसायचं. बाकीचे मिस्त्री नवीन भाग आणून घालायचे. मी ते काढून टाकायचो आणि वायर सरळ जोडून द्यायचो. चित्र आरशासारखं. लोक म्हणायचे, हात चांगला आहे. आता मागची जागा उघड्या विजेला जोडली गेली हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गच्चीवरच्या अँटेनाला कोण हात लावणार? आणि त्यावर माझी युक्ती होती. प्रत्येक घरी जाऊन टेस्टरने बघायचो आणि प्लगच्या एका अंगाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचो. सांगायचो, ठिपका वर, कायम वर. का ते सांगत नव्हतो. का ते सांगितलं असतं तर भाग का काढला हेही सांगावं लागलं असतं.

टेबलाखालचा पत्र्याचा डबा ओढून काढला. काढलेले ते गंजके भाग मी त्यात टाकत आलो होतो. अर्धा भरलेला होता. ठिपका खाली. फरशी ओली. बटणं चालू. आणि गेमची पिन पोरगी स्वतः हाताने लावते.

"किती वाजले?" मी शिंप्याला विचारलं.

"पावणेचार. का रे, तोंड का पांढरं पडलं तुझं?"

बाईंकडे फोन नव्हता. टेस्टर खिशात टाकला, सायकल काढली. घर खाडीकडच्या रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर, सायकलने दहा-बारा मिनिटं. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना घाबरलो असेन, पण तेव्हाची भीती वेगळी होती. डोळे रस्त्यावर नव्हते, दुकानांच्या आत होते. पंखा फिरतोय का, बल्ब लागलाय का. उस्तादाला एकदा झटका बसून तो टेबलावरून मागे फेकला गेलेला मी बघितला होता, आणि तो अडीच मणाचा गडी होता. ही पोरगी चिमणीएवढी. वाटेत एका रिक्षावाल्याने शिवी दिली, ती मागेच राहिली. पाण्याच्या टँकरपाशी उतरून सायकल उचलून गटारापलीकडे टाकली. देवाचं नाव घेतलं असं म्हणायला आवडेल, पण मी मनात एकच म्हणत होतो, आज उशीर करा रे, आज सहा वाजवा.

बिल्डिंगच्या खाली पिठाची चक्की होती. बंद होती. मी सायकल तिथेच आडवी टाकली. पहिला मजला, दुसरा मजला. दुसरा आणि तिसरा यांच्या मध्ये होतो तेव्हा खालून चक्कीने घरघर धरली.

लाइट आली.

दार मी दोन्ही हातांनी बडवलं. बाईंनी उघडलं, पदर खोचलेला, हातात खराटा, दारापर्यंत फरशी ओलीचिंब. त्यांना काही न बोलता बाजूला सारून मी आत शिरलो. टीव्ही नुकताच तापायला लागला होता. मागे कोपऱ्यात मुलगी उकिडवी बसलेली, पाय अनवाणी, पिनेची लोखंडी कडा चिमटीत, आणि पिन टीव्हीपासून बोटभर लांब.

"सोड! सोड ती!"

मी इतक्या मोठ्याने ओरडलो की ती मागे पडली आणि पिन हातातून सुटली. मी बोर्डाचं बटण बंद केलं. ती रडायला लागली. मी त्या ओल्या फरशीवरच बसलो.

"काय झालं काय, भाऊ? वेड लागलं का तुम्हाला?" बाई मुलीला उचलत म्हणाल्या.

मी दोघींना दाराबाहेर कोरड्यात उभं केलं, पुन्हा बटण दाबलं आणि टीव्हीच्या मागच्या जागेला टेस्टर टेकवला. आतला दिवा भक्क पेटला. बाई शिकलेल्या होत्या, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी मुलीला आणखी मागे ओढलं.

आणि मी काय बोललो असेन? "तुम्ही बोर्ड बदललात. ठिपका वर ठेवा म्हणून सांगितलेलं मी." हेच बोललो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मुलगी हुंदके देत होती. आईच्या खांद्यावरूनच म्हणाली, "मी सांगितलेलं काकांना, चावतो म्हणून."

मी प्लग काढला, टीव्ही वळवला, मागचं झाकण खोललं आणि बाईंना सरळ जोडलेली वायर दाखवली. "बाई, इथे दोन भाग असतात. मी काढले. चित्र चांगलं दिसावं म्हणून. चूक बोर्डाची नाही, माझी आहे."

मला वाटलं ओरडतील, पोलिसांत जाईन म्हणतील. त्यांनी वाकून वायर बघितली. मग शाळेत विचारतात तशा आवाजात विचारलं, "अजून किती घरांत असं केलंय?"

मला आकडा सांगता आला नाही. मी वही ठेवत नव्हतो. लिहायचा कंटाळा होताच, शिवाय घमेंड होती की मला प्रत्येक टीव्ही पाठ आहे.

त्यांच्या टीव्हीत दुसऱ्या दिवशी नवीन भाग घातले. पैसे त्यांनी पुढे केले, मी घेतले नाहीत, त्यांनी दुसऱ्यांदा केले नाहीत. मुलगी पूर्ण वेळ आतल्या खोलीत होती. पुढे त्या टीव्ही घेऊन माझ्याकडे कधी आल्या नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

त्यानंतर महिनाभर मी दुकान दुपारी बंद ठेवून घरं शोधत हिंडलो. नावं लक्षात नव्हती, बिघाड लक्षात होते. पडदा आडवा झालेले पोस्टातले साहेब, आवाज गेलेली नर्स, मोहन्याला कारखान्याच्या वसाहतीतले दोघे भाऊ. दार उघडलं की मी म्हणायचो, तुमचा टीव्ही फुकट बघायला आलोय. लोक संशयाने बघायचे. एका म्हाताऱ्याने तर दारातूनच हाकललं, "फुकट काम करणारा मिस्त्री चोर असतो," म्हणून. त्याच्याकडे तीनदा गेलो, तिसऱ्यांदा त्याची सून घरी होती तिने आत घेतलं. दोन घरांत ठिपका खाली होता. एका घरात गेमही होता. प्रत्येक ठिकाणी मी सांगितलं की भाग मी काढलेला. पहिल्या चार-पाच वेळा जीभ जड झाली, मग सवय झाली.

एक टीव्ही सापडला नाही. कोपरलाच चाळीत राहणारं नवरा-बायकोचं नवीन बिऱ्हाड, बायकोला दिवस गेलेले. ते खोली सोडून ठाण्याला घोडबंदर रोडला कुठेतरी गेले, एवढंच शेजारणीला माहीत होतं. तेव्हा तिकडे आताएवढ्या इमारती नव्हत्या. मी चार रविवार तिकडे गेलो. दुकानदारांना विचारलं, दूधवाल्यांना विचारलं, लाकडी पेटीचा मोठा टीव्ही कुणी आणला का. एका वॉचमनने विचारलं, "टीव्ही तुमचा आहे का?" मी म्हणालो, "नाही, काम माझं आहे." त्याला काही कळलं नाही, त्याने मला गेटबाहेरच थांबवलं.

आता त्या चाळीतल्या बाईचं पोर तिशीकडे आलं असेल. तो टीव्ही केव्हाच भंगारात गेला असेल. हे सगळं मला कळतं. तरी नात मोबाइल चार्जिंगला लावायला उठली की मी आधी खुर्चीतून उठतो, आणि ती म्हणते, "आजोबा, तुम्ही बसा हो, काही होत नाही."