सशाचा श्रावणी सोमवार

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मुखेडकडच्या गावातून लातुरात आले, तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या एका काकांनी मला त्यांच्या घरातली वरची खोली राहायला दिली. काकांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, डाळीचं दुकान आहे. निघताना वडील एवढंच म्हणाले, "त्यांच्या घरात उलटून बोलू नको बरं." मी मान हलवली. उलटून बोलणं दूरच, साधं बोलायलाही मला चार दिवस लागतात.

त्या घरात काका, काकी आणि एक ससा राहत होते. ससा पुण्याच्या नातीसाठी आणलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली, त्याच्याशी खेळली आणि परत गेली. ससा बाल्कनीत राहिला. दर रविवारी सकाळी नात व्हिडिओ कॉल करायची. "आजी, ससा दाखव," हे तिचं पहिलं वाक्य असायचं आणि बहुतेक वेळा शेवटचंही. मग मी फोन धरायचा, काकींनी सशाला बिस्किट भरवायचं आणि नातीनं हसायचं. बिस्किट संपलं की कॉल संपायचा, म्हणून काकी दुसरं काढायच्या. त्या दहा मिनिटांसाठी काकी चांगली साडी नेसून बसायच्या.

मी बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं आहे, म्हणून ससा माझ्याकडे आला. "झाडपाल्याचंच शिकायलीस ना तू? मंग ह्याच्याकडं तूच बग," काका म्हणाले. माझ्या वाट्याला आलेलं बघणं म्हणजे बाल्कनी झाडणं. खायला घालणं काकींकडेच होतं. सकाळी बिस्किट, दुपारी पोळीचा साखर घातलेला कुस्करा, संध्याकाळी काकांनी दुकानातून आणलेली मूठभर हरभऱ्याची डाळ. गाजर रोज, कारण चित्रातला ससा गाजरच खातो.

मी फोनवर वाचलं होतं की सशाचं मुख्य खाणं म्हणजे वाळलं गवत. तेही दिवसभर, ढिगानं. थोडा हिरवा पाला चालतो, गाजर-फळ चवीपुरतं. बिस्किट, धान्य, गोड नको. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि ते गवताच्या चोथ्यावर चालतं. हे काकींना कसं सांगायचं याची मी दोन आठवडे तयारी केली. शेवटी म्हणाले, "काकी, सशाला वाळलं गवत लागतं म्हणे."

"वाळलं?" काकी म्हणाल्या. "आगं, ह्या घरात कुणाला शिळी पोळी बी वाढत न्हाईत."

विषय तिथंच मिटला.

मग एके दिवशी पहाटे काकींनी सशाला स्वतःच्या बुडाशी तोंड नेऊन काहीतरी खाताना पाहिलं. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या टाकून देतो आणि मऊ परत खातो, कारण त्यांत पोषण उरलेलं असतं. हा निसर्गाचा नियम आहे. पण काकींनी कपाळाला हात लावला.

"आगं माय! पोटाला कमी पडायलंय लेकराला. शेजारच्यांनी बघितलं तर काय म्हणतील?"

"काकी, ते तसं नसतंय, ते..." मी सुरुवात केली आणि अडले. परीक्षेत पाच मार्काला आलं असतं तर लिहिलं असतं. वडीलधाऱ्या बाईला तोंडावर कसं सांगणार? त्या दिवसापासून सशाचं खाणं दुप्पट झालं.

त्यातच श्रावण लागला. काका-काकी शंकराचे भक्त. "सोमवारी ह्या घरात कुणाच्या तोंडाला धान्य लागत न्हाई," काकींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आता प्रश्न सशाचा आला. पोळी गेली, डाळ गेली, बिस्किट गेलं. कोथिंबिरीवर काका-काकींचं एकमत झालं नाही, म्हणून तीही गेली. मला वाटलं, हीच संधी. "गवत तर चालंल ना उपासाला?" मी हळूच म्हणाले.

काकांनी गंभीरपणे विचार केला. "ज्वारी काय अन् गहू काय, मुळात गवतच की. मंग गवत उपासाला कसं चालंल?"

शास्त्राच्या दृष्टीनं काका बरोबर होते. ज्वारी आणि गहू गवताच्याच कुळातले. माझ्याच विषयानं मला गप्प केलं.

तेव्हा सशाला साबुदाण्याची खिचडी मिळाली, मिरची काढून. वर उकडलेलं रताळं आणि संध्याकाळी केळं. सशानं सगळं चाटूनपुसून खाल्लं. "बग, कसा श्रद्धेनं खायलाय," काकी म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी मी झाडू घेऊन बाल्कनीत गेले, तर झाडायला काहीच नव्हतं. एरवी सुपलीभर लेंड्या निघायच्या. ससा कोपऱ्यात अंग आखडून बसला होता. पोट हाताला टणक लागत होतं. बिस्किट नाकाशी नेलं तरी त्यानं तोंड फिरवलं.

"काकी, झाडायला काहीच न्हाई आज."

"चांगलंय की. शिस्त लागली म्हणायची."

दुपारी कॉलेजातून आले तरी तो तसाच होता. या वेळी मी चार दिवस थांबले नाही. "काकी, ह्याला दवाखान्यात न्यावं लागतंय. आत्ताच. न्हाईतर हा जाईल."

काकींनी माझ्याकडे पाहिलं, मग सशाकडे. त्यांचा चेहरा उतरला. "आगं, मग रविवारी ती फोन कशाला करंल?" एवढंच त्या म्हणाल्या आणि काकांना बोलावून घेतलं.

जनावरांच्या डॉक्टरांकडे आमच्या पुढे एक शेळी होती. आमचा नंबर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "लेंड्या कधीपासून बंद हायेत?" मोंढ्यात दहा माणसांना आवाज देणाऱ्या काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आज सकाळपासून," मी म्हणाले.

"काल काय खाल्लं?"

काका घसा खाकरून म्हणाले, "उपासाचं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "कुणाचा उपास?"

"सशाचा."

"काका, सशाचं पोट रिकामं राहिलं तरी तो मरतो, अन् साबुदाण्यानं भरलं तरी मरतो. तुम्ही दोन्ही एकाच दिवशी साधलंत." त्यांनी इंजेक्शन दिलं, औषध दिलं, बिनसुईच्या सिरिंजनं पातळ खाणं कसं पाजायचं ते दाखवलं. "आता वाळलं गवत समोर ठेवा. उद्या संध्याकाळपर्यंत लेंडी दिसली तर वाचला समजा."

भर श्रावणात लातुरात वाळलं गवत कुठं मिळणार? मी वडिलांना फोन लावला. बैलांसाठी त्यांनी पत्र्याखाली वाळलेली हरळी ठेवली होती. ते पोट धरून हसले. "हरळी? जल्म गेला माझा ती खांदून बांधावर टाकण्यात. शहरात तिचं औषध झालं व्हय?" बुधवारी सकाळी एसटीच्या कंडक्टरनं पोतं आणून दिलं. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले काका ते स्कूटरवर पायाशी घेऊन मोंढ्यातून आले. बैल कधी घेतले, असं चौघांनी विचारलं म्हणे.

काकी आणि मी आळीपाळीनं सशाला पाजत होतो. दुपारी त्यानं एक काडी ओढली. संध्याकाळी काकींनी दुकानात फोन लावला, "आहो, या लवकर! तीन पडल्या!" काका दुकान तसंच टाकून आले. तीन लेंड्यांवर आम्ही तिघं वाकून उभे होतो. माझ्या बारावीच्या निकालालाही एवढा आनंद कुणाला झाला नव्हता.

काकींनी महादेवाला पेढे बोलले होते. रविवारी सकाळी नैवेद्य दाखवून झाला, आणि ज्याच्यासाठी नवस केला त्यालाच पहिला प्रसाद, म्हणून काकी पेढा घेऊन सशाकडे वाकल्या. तेवढ्यात फोन वाजला. मी तो उचलून एका हातात धरला.

"काकी, न्हाई. पेढा नका देऊ."

"आगं, प्रसाद हाय. प्रसादाला न्हाई म्हणत न्हाईत."

"मंग त्याच्या वाटणीचा मी खाते," मी म्हणाले आणि त्यांच्या हातातून पेढा घेऊन अख्खा तोंडात टाकला. काकांचं वर्तमानपत्र खाली आलं. काकी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आजी, ससा दाखव ना," फोनमधून आवाज आला.

काकींनी नाइलाजानं पोत्यातून हरळीची एक काडी उपसली आणि सशापुढे धरली. सशानं टोक पकडलं. जबडा भराभर हलायला लागला आणि वीतभर काडी सरळच्या सरळ आत जात जात दिसेनाशी झाली. काकींचा हात तसाच हवेत थांबलेला.

"आजी! ती काडी कुठं गेली? परत दाखव!"

काकींनी वर न बघता माझ्याकडे हात केला. "दे गं. लांबशी बघून दे."

तोंडात पेढा होता, बोलता येईना. मी दिली.