सोताहून पडलेलं पान

आमच्या जऊळका गावातले शेजारचे काका कोणतीही वस्तू घेण्याआधी बोटाच्या पेरानं वाजवून बघत. माठ, टरबूज, एकदा तर मी शिकवते त्या शाळेचा नवा फळासुद्धा. सगळी नोकरी रेल्वेच्या गँगमध्ये गेली होती; रुळावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखायचं काम. रिटायर झाल्यावरही सवय सुटली नाही. माणसांनाही तेच सांगत, "वाजवून पाहा, मंगच माना."

शेजारीण म्हणून मी हे रोज ऐकलं आहे. विहारात वंदना झाली की काका अंधश्रद्धेवर बोलायला उभे राहत. कुणाच्या मनगटात गंडादोरा दिसला की त्याची धडगत नसे. काकू मागे बसून तोंडाला पदर लावून हसत.

कार्तिकात विहाराची बस बोधगयेला जायची ठरली, तेव्हा काकूंनी सगळ्यांत आधी नाव दिलं. काकांनी थट्टा केली, की पिंपळ तर आपल्या स्टेशनावरही आहे, एवढ्या लांब कशाला जाता. निघायच्या पंधरा दिवस आधी काकू अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

"माह्या जागेवर तुमी जा," त्या काकांना म्हणाल्या. "बोधीवृक्षाचं एक पान आना. तोडाचं नाई, इकत घ्याचं नाई. सोताहून पडलं पायजे."

काकांचा पाय निघत नव्हता. शेवटी लेक माहेरी आली आणि तिनंच त्यांना माझ्यासोबत बसमध्ये बसवलं.

बोधगयेत आम्हाला दीड दिवस होता. काकांनी महाविहारही धड पाहिला नाही. बोधिवृक्षाच्या कठड्याजवळ मान वर करून बसले ते बसलेच. वारा पडला होता. एखादं पान सुटलंच तर दहा हात धावत, आणि काकांचे गुडघे उठेपर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या वहीत गेलेलं असे. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला, की आई पाणीही घेत नाही, लवकर या. बस चारला निघणार होती. मग काका झाडाशीच बोलायला लागले. आयुष्यात कुणापुढे नवस न केलेला माणूस हात जोडून म्हणत होता, "एक दे रे बाबा. एकच दे." मला ते बघवेना.

फाटकाबाहेर पानं विकायला होती. मी एक आणलं. काकांनी डोळे पुसायला चष्मा काढला, तेव्हा त्यांच्या पायाशी हळूच टाकलं आणि म्हटलं, काका, खाली पाहा. त्यांनी ते उचलून बराच वेळ पाहिलं. पान कोरडं होतं, पुस्तकात दाबल्यासारखं सपाट. माझ्याकडे न बघता त्यांनी ते डायरीत ठेवलं.

घरी पोचलो तेव्हा काकू शुद्धीत होत्या. पान तळहातावर घेऊन त्यांनी विचारलं, "सोताहून पडलं?"

"हो," काका म्हणाले. "माह्या पुढ्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गेल्या. पान त्यांच्यासोबतच गेलं.

पुण्यानुमोदनाला आलेले लोक पांगल्यावर मी काकांजवळ बसले. माफी मागायची होती, पण त्याआधी तेच बोलले.

"तुमी टाकताना मले दिसलं होतं बाई. जलमभर तिच्याशी खोटं बोललो नाई. बोललो तं शेवटच्या दिवशी."

एवढंच. मला लागेल असा एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर विहारात ते मागे, काकूंच्या जागी बसायला लागले. कुणाच्या मनगटात दोरा दिसला तरी गप्प. संध्याकाळी स्टेशनावरच्या पिंपळाखालच्या बाकड्यावर जाऊन बसत. फाल्गुनात तो पिंपळ ढिगानं पानं गाळतो. एकदा मी शाळेतून येताना त्यांच्याजवळ टेकले. त्यांच्या टोपीवर, खांद्यांवर, मांडीवर पानंच पानं होती. त्यांनी एकही झटकलं नव्हतं, एकही उचललं नव्हतं.

"आता पाहा बाई," ते म्हणाले. "किती पडून राह्यले."

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. बाकडं तिथंच आहे. फाल्गुन लागला की मी शाळेला दुसऱ्या रस्त्यानं जाते.