आक्काची बाज

शेजारची आक्का आमच्या घरी आली की आधी बसायची नाही. अंबाड्यातला आकडा काढायची, आमची बाज आडवी करायची आणि खुराच्या खाचेत आकडा घालून फिरवायची. "बघ गं, निघाला का न्हाय मुडदा?"

तुम्ही म्हणाल, ढेकूण काय बाजेतच असतात? छे हो. गादीच्या शिवणीत, देवाच्या तसबिरीमागं, ट्रंकेच्या बिजागरीत, भिंतीचा पोपडा सुटला की त्याच्या आत. "चोराला अंधार लागतोय, ह्याला नुसती फट," आक्का म्हणायची. चैत्राचं ऊन तापलं की अनगोळातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या बाजा अंगणात निघायच्या, आणि आक्का दारोदार कढत पाणी ओतत हिंडायची.

तिच्या माजघरातली एक बाज तेवढी कधी बाहेर आली नाही.

मी नवी सून, जीभ आवरेना. विचारलं, "आक्का, त्या बाजेत ढेकूण न्हाईत व्हय?"

"लई हाईत." आणि मग हळूच म्हणाली, "प्लेगात माझी लेक त्या बाजंवर गेली. सरकारी माणसांनी तिचा परकर, वाकळ, समदं जाळलं. बाज तेवढी मी परड्यातल्या कडब्याच्या गंजीत लपवली. त्या ढेकणांनी तिचं रगात पिलंय गं. त्यांच्या पोरांत, नातवंडांत हाय ते अजून. तेवढंच ऱ्हायलंय."

त्यानंतर तिच्या माजघरात गेले की त्या रिकाम्या बाजेकडं पाठ करून बसायचा मला धीर झाला नाही.

मग तिची सून बाळंत होऊन, तान्ह्या नातीला घेऊन माहेराहून, उचगावाहून आली. थोड्याच दिवसांत पोरीच्या मानेवर ढेकूण चावल्याच्या लाल गांधी उठल्या. सुनेनं बोचकं बांधलं. "आत्याबाई, एक तर बाज धुवा, न्हाईतर मी निघाले. ही पोर मी ढेकणांच्या तोंडी द्यायला आणली न्हाय."

आक्का नातीच्या मानेवरची गांध बोटानं चाचपत राहिली. "आता हिचंबी पिलं," म्हणाली, आणि उठून चुलीवर हंडा चढवला.

बाज तिनं एकटीनं अंगणात ओढली. मी मदतीला गेले तर माझा हात झटकला. पहिला तांब्या ओतायच्या आधी वाकून खाचेशी बोलली, "डोळं मिटून घे गं बाय. पाणी लई कढत हाय."

आक्का जाऊन आता किती वर्षं लोटली! पण मला ती दिसते ती त्या दिवशीचीच. काळपट तांबूस पाणी अंगणातून वाहत निघालेलं, आणि सासरी निघालेल्या लेकीला वेशीपर्यंत पोचवावं तशी आक्का त्याच्या कडेकडेनं गटारापर्यंत चालत गेलेली.