बाई घरी आहेत

डॉ. मंदाकिनी रानवडे, म्हणजे आम्हा विद्यार्थ्यांच्या बाई, यांची आणि माझी ओळख एका मामावरून झाली. इथे परदेशात, सँडीफोर्डमधली नोकरी सांभाळून मी त्यांच्या संध्याकाळच्या भाषाशास्त्राच्या वर्गाला जाऊ लागले होते. पहिल्याच दिवशी बाईंनी एक स्लोव्हेनियन वाक्य वाचले: ‘मामा ये दोमा.’

“मामा कुठून यायचा आता?” मी पुटपुटले.

“मामा नव्हे, आई,” बाई मराठीत म्हणाल्या. “आणि ती येत नाहीये, घरीच आहे.”

हीच आई घरी नसली की स्लोव्हेनियन माणूस ‘मामे नी दोमा’ म्हणतो. जी आहे ती प्रथमेत, जी नाही तिला षष्ठी. या बदलात वाक्यरचनेचा वाटा किती आणि अर्थाचा किती, याचा शोध बाईंनी उभे आयुष्य घेतला. एकदा त्यांच्या स्लोव्हेनियन शेजारणीने “असं आम्ही बोलत नाही” म्हणून एक उदाहरण नाकारले, तर बाईंनी छापायला गेलेले प्रकरण परत मागवले. प्रकाशक वैतागले. बाई म्हणाल्या, “भाषा तिची आहे, माझा नुसता सिद्धांत.”

पुढे नागपूरला माझी आई वारली. तिकडून परतले तेव्हा वर्गात नेमका नकाराचा धडा चालू व्हायचा होता. ‘आई घरी नाही’ हे वाक्य ऐकवणार नाही, आज शिक्षण सोडते असे सांगून टाकू, अशा मनाने मी जिना चढले. बाईंनी फळ्यावर लिहिले: ‘छत्री घरी नाही.’ त्या दिवशीची झाडून सगळी उदाहरणे छत्रीची होती. याविषयी बाई तेव्हा बोलल्या नाहीत, नंतरही कधी नाही. मी मात्र वर्ग सोडला नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. घरी आल्याचे कळले, पण मग दोन दिवस फोन लागेना. शेवटी मी लुआस ट्रामने चेरीवूडचे त्यांचे घर गाठले. वाटभर ती षष्ठी मनातून जाईना. मी फार घाबरले होते. दार त्यांच्या यजमानांनी, आमच्या काकांनी उघडले.

“बाई?” एवढेच माझ्या तोंडून निघाले.

“आहे की घरी. फोन चार्ज करायला विसरलो गं. एकदम ग्रँड आहे ती, तुझाच प्रबंध वाचतेय.”

आतून आवाज आला, “ये आत. विभक्ती चुकवली आहेस.”

बाईंना पंच्याहत्तरीनिमित्त माझा नमस्कार. त्यांना शतायुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. त्यांचे दार जो कोणी वाजवील, त्याला पुढची कित्येक वर्षे प्रथमेतलेच उत्तर मिळो: बाई घरी आहेत.