दुपारची बाटली

आरोग्य केंद्रात लोकांची लघवी गोळा करायला न्यागोन्द्वे लागली तेव्हा तिला वाटलं होतं, एकदोन वर्षांत दुसरं काहीतरी बरं मिळेल. पहिल्या वर्षी ज्या पोरांच्या बाटल्या तिनं घेतल्या होत्या, त्यांची पोरं आता बाटल्या घेऊन येऊ लागली होती. बाटल्या बहुतेक त्याच होत्या.

काम अवघड म्हणावं असं नव्हतं. बाटली द्यायची, भरलेली घ्यायची, पट्टी बुडवायची, रंग बघायचा. गर्भारणीत प्रथिनं, म्हाताऱ्यांत साखर, आणि उरलेल्या गावात रक्त. शंका आली की बाटली आत चिउमियाकडे. तो ती गाळून मायक्रोस्कोपखाली किड्याची अंडी शोधी. किडा गोगलगाईतून सरोवराच्या पाण्यात उतरतो, पाण्यातून माणसाच्या कातडीत शिरतो आणि मूत्राशयापाशी संसार थाटतो, हे न्यागोन्द्वेनं इतक्या वेळा सांगितलं होतं की गावाला ते पाठ झालं होतं. लोक नीट ऐकून घेत आणि मग पोहायला जात. पोराची लघवी लाल झाली तर बाप हसून म्हणे, "चला, गडी वयात आला."

अंड्यांचा मात्र एक हट्ट असे. ती भर दुपारी उतरत, माणूस जरा हललाबिलला की, आणि तीही शेवटच्या थेंबांत. म्हणून बाटली उन्हाच्या वेळी भरायची, शेवटपर्यंत भरायची, हे न्यागोन्द्वे प्रत्येकाला सांगे. चिउमिया नेमका त्याच वेळी जेवायला जाई.

त्या शुक्रवारी न्यालोंग्वे सुनेला पुढे घालून आली. मागून न्यालोंग्वेचा नवरा लामेकीही आला, खोकल्यासाठी, आणि ओसरीवरच्या बाकाची चांगली बाजू धरून बसला. सून वेझी डोंगराकडच्या गावची, लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. तिनं रिकाम्या तेलाच्या बाटलीत आणलेला नमुना कापडात असा गुंडाळला होता, की आत बाळ असावं.

"ही तिसरी," न्यालोंग्वे म्हणाली. "दोन्ही वेळा तूच म्हणालीस, स्वच्छ. मग कपड्याला डाग कसले पडतात? पाळी नसताना, मधल्याच दिवसांत?"

"अगं, पाण्याचा रोग असेल."

"पाण्याचा असता तर तुझ्या बाटलीत दिसला असता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हा रोग पाण्याचा नाही, पुरुषांचा आहे. बाजारच्या गावात मावशीकडे राहिली होती म्हणे लग्नाआधी. आता कळलं, काय शिकली ते."

"तुझ्या तिन्ही पोरांना लाल व्हायचं की. माझ्याकडेच यायचे."

"ते मुलगे गं," न्यालोंग्वे समजूत घालावी तशी म्हणाली. "ह्या रविवारी प्रार्थना सुटली की मध्यस्थाला बोलावलंय. घेऊन जाईल तिच्या बापाकडे. म्हटलं, शेवटचं एकदा बघून घ्यावं. मागाहून कुणी म्हणू नये, न्यालोंग्वेनं अन्याय केला."

"आणि पोरगा काय म्हणतो, योतामु?"

"तो रात्री दिवे घेऊन मासे धरतो, दिवसा झोपतो. त्याला कधी विचारू? म्हणतो, आई म्हणेल तसं."

वेझी जमिनीकडे बघत होती. ह्या मुलीविरुद्धचा पुरावा आपणच दोनदा लिहून दिला, हे न्यागोन्द्वेच्या ध्यानात आलं. तिला बसावंसं वाटलं. तिचे पाय सकाळपासून दुखत होते, तसे ते गेली कित्येक वर्षं सकाळपासून दुखत होते. तिनं तिसरी बाटली घेतली, पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बदलला नाही.

"स्वच्छ," न्यालोंग्वे तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, आणि मैत्रिणीशी चार शब्द बोलायला आंब्याखाली गेली. तिथं तिला ऐकणाऱ्यांची वाण नव्हती. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

ऊन डोक्यावर आलं. वेझी भिंतीला टेकून उभी होती आणि पायांची अदलाबदल करत होती. ही अदलाबदल न्यागोन्द्वेला ओळखू येत असे. तिची अर्धी नोकरी त्यावर चालली होती.

"जाऊन ये की पोरी. संडास मागं आहे."

"नको मावशी."

"का?"

वेझीनं मान न हलवता डोळे ओसरीकडे नेले. लामेकी बाकावर बसला होता आणि संडासाची वाट थेट त्याच्या नाकासमोरून जात होती.

"मामंजी बसलेत," ती ओठांत म्हणाली.

न्यागोन्द्वेनं मुलीकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग पुन्हा मुलीकडे. सासऱ्याच्या नजरेसमोर सुनेनं त्या वाटेला जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तीही कधीकाळी सून होती. पहाटे एकदा, अंधार पडल्यावर एकदा, आणि मधल्या वेळेत देवाचं नाव.

"ही बाटली कधी भरलीस?"

"कोंबडा आरवायच्या आधी."

"आणि आधीच्या दोन?"

"तेव्हाच."

"अगं, मी सांगितलं होतं ना, दुपारी भर म्हणून! तू मान हलवलीस."

"सासूबाई शेजारी होत्या," वेझी म्हणाली. "नाही कसं म्हणू?"

नवी सून मान हलवते. ती होकार देते असं समजणं, ही चूक त्या काठावर वाढलेल्या बाईनं करायला नको होती. पण दिवसाकाठी एवढ्या बाटल्या घेतल्या की भरणारी माणसं दिसेनाशी होतात.

रुग्णांचे नातेवाईक स्वयंपाक करत त्या छपरात उखळ होतं. न्यागोन्द्वेनं वेझीच्या हातात मुसळ दिलं. "हे वाळलेले कसाव्याचे कंद कूट. जोरानं. मी बोलावते तोपर्यंत." मग ती ओसरीवर गेली.

"लामेकी, तुमचीही बाटली लागेल."

"मला खोकला आहे."

"हो ना. घरात एकाची तपासली की सगळ्यांची तपासतो आम्ही." असा काही नियम नव्हता. तिला तो करावासा वाटला, इतकंच.

"माझ्या वयाला? पोरासोरांसारखं?"

"लाजत असाल तर राहू दे. तसं वर कळवते."

लाजतो असं वर कुणाला कळणं लामेकीला परवडणारं नव्हतं. त्यानं बाटली ओढून घेतली आणि आवाराबाहेरच्या केळींमागं ताडताड निघून गेला. त्याची पाठ फिरताच न्यागोन्द्वेनं छपराकडे हात केला. घामानं निथळलेली वेझी रिकामी बाटली घेऊन मान खाली घालून धावतच गेली.

"शेवटचा थेंबसुद्धा आत!" न्यागोन्द्वे तिच्यामागून ओरडली. आंब्याखालच्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं. काही हसल्या. वेझी हातात बाटली घेऊन परत आली तेव्हा तळाशी जरासं तांबूस होतं.

चिउमिया दात कोरत आला. त्यानं नमुना गाळला, काच सरकवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग म्हणाला, "ये न्यालोंग्वे. एक डोळा मीट."

न्यालोंग्वेनं आधी दोन्ही मिटले, मग एक उघडला. "हे काय? बी आहे. टोकाला काटा असलेलं."

"अंडं आहे. पाण्यातल्या किड्याचं."

"बाजारातल्या कुणाचं नाही?"

"किड्याचंच."

न्यालोंग्वे खूप वेळ वाकून राहिली, जणू अंडं मध्येच कबुलीजबाब बदलेल. मग सरळ होत म्हणाली, "भांडी घासायला रोज पाण्यात उतरते मेली. मीच पाठवते." आणि थोड्या वेळानं, कुणाकडेही न बघता, "मध्यस्थाला नाही सांगून टाकते. उगाच त्याचा रविवार फुकट नको."

न्यागोन्द्वेनं वेझीला उंची मोजायच्या काठीशेजारी उभं केलं, काठीवरच्या खुणेबरहुकूम गोळ्या दिल्या. सासूनं पदराची गाठ सोडून तिला उकडलेल्या कसाव्याचा तुकडा दिला, कारण त्या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत म्हणून न्यागोन्द्वेनं बजावलं होतं.

"आणि ही कुणाची?" चिउमियानं दुसरी काच उचलली.

"तुझ्या नवऱ्याची," न्यागोन्द्वेनं न्यालोंग्वेला सांगितलं.

चिउमियानं पाहिलं आणि बाजूला सरला. न्यालोंग्वेनं ह्या खेपेला बरोबर डोळा मिटला.

"काटा आहे," ती म्हणाली.

"बरेच आहेत."

न्यालोंग्वेनं खिडकीतून ओसरीकडे पाहिलं. लामेकी परत आपल्या बाजूला बसला होता आणि चारचौघात झालेल्या अपमानावर खोकत होता. "ह्यांना कुठं धाडू?" ती म्हणाली. "ह्यांचे आईबाप तर केव्हाच गेले."

संध्याकाळी न्यागोन्द्वे बाटल्या उकळायला ठेवून दारात टेकली. खाली काठावर बायका भांडी घासत होत्या, गुडघाभर पाण्यात. त्यात वेझीही होती. गोळ्यांनी आतला किडा मरतो, बाहेरच्याला त्याचा पत्ता नसतो; पुढच्या वर्षी ही बाटली परत येणार. निदान ती दुपारी येईल.

उठून तिनं ओसरीवरचा बाक दोन्ही हातांनी धरला आणि ओढत ओढत दुसऱ्या भिंतीला नेला. तिथून संडासाची वाट दिसत नव्हती.