उठतानाची कळ
निलगिरी तेलाचा वास आला की पोलादपूरजवळचं आमचं भाताचं खाचर आठवतं. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते. लावणीत आईची कंबर धरली होती. "आता माझ्यानं शेती व्हायची नाय," ती म्हणाली. मी बिचकतच निलगिरी तेल चोळलेल्या तिच्या ओल्या पाठीवर तळवा ठेवला आणि तिला वाकायला सांगितलं. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू सैल पडले, पण उठताना एकदम दगडासारखे झाले. कळ तिथेच येत होती. "पोट आवळ, गुडघे वाकव, मग ऊठ," मी म्हणाले. "उठायला शिकवाया कालेज लागतं काय गो?" ती हसली, पण तशीच उठली. संध्याकाळी म्हणाली, "खालचं खाचर उद्या लावू." पेशंटच्या पाठीला हात लावताना मी अजूनही बिचकते, मग आई यंदाही लावणीला गेली हे आठवतं, आणि तळवा टेकवते.